आशियाच्या पंगतीत मुंबईचं पान

इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, या फुटबॉल स्पर्धेचा २०१९-२० चा मोसम आठवतो? १४ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना झाला. कोरोनामुळे मैदानात एकही प्रेक्षक नव्हता. कोलकात्याच्या एटीकेने चेन्नईयिनला ३-१ असं हरवलं आणि करंडक उचलला. एफसी गोवा तर उपांत्य फेरीतच बाहेर पडला होता. पण आशियातल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, म्हणजे एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, भारताला पहिल्यांदाच मिळालेलं थेट स्थान गेलं एफसी गोव्याकडे. करंडक एकाचा आणि आशियाचं तिकीट दुसऱ्याला, हा काय प्रकार?

ठाण्याजवळच्या कळवा, खारीगाव, विटावा या पट्ट्यात टेनिस क्रिकेटचे आणि कबड्डीचे सामने बघत वाढलेल्या कुणालाही हे खटकणारच. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. हरला तो घरी, शेवटी उरला तो विजेता. उपांत्य फेरीत हरलेल्याला अंतिम विजेत्यापेक्षा मोठा मान मिळतो, असं कुठे पाहिलेलं नसतं. हे कोडं सुटलं की एखादा क्लब आपल्या शहरातून उठून खंडाच्या पहिल्या फळीत कसा पोहोचतो, याची बरीचशी यंत्रणा आपोआप उलगडते. आपल्याला जवळचं उदाहरणही आहे, मुंबई सिटी एफसी.

करंडक आणि शील्ड

आयएसएलमध्ये २०२४-२५ पर्यंत एकाच मोसमात खरं तर दोन स्पर्धा होत. आधी साखळी. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळे, एकदा घरच्या मैदानावर, एकदा समोरच्याच्या. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. साखळी संपली की वरच्या संघांची बाद फेरी होई आणि तिचा विजेता करंडक नेई. साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला २०१९-२० पासून वेगळं बक्षीस मिळू लागलं, ते म्हणजे लीग विनर्स शील्ड.

त्या मोसमात गोव्याने १८ सामन्यांत १२ विजय आणि ३ बरोबरी करून ३९ गुण मिळवले आणि पहिली शील्ड जिंकली. उपांत्य फेरीत मात्र चेन्नईत ४-१ अशी हार झाली. परतीचा सामना गोव्याने ४-२ जिंकला, तरी दोन्ही सामन्यांची बेरीज ६-५ अशी चेन्नईयिनच्या बाजूने गेली. चार-पाच महिन्यांची कमाई एका वाईट संध्याकाळी गेली.

आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजे एएफसी, नेमकं हेच टाळू पाहतो. बाद फेरीत एक चुकलेला पास, एक दुखापत, पंचांचा एक निर्णय निकाल फिरवू शकतो. अठरा-वीस सामन्यांत असं नशीब दोन्ही बाजूंनी वाटलं जातं आणि संघाची खरी ताकद गुणतक्त्यात उतरते. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतीय फुटबॉलचा पुढचा आराखडा ठरला. आयएसएल ही देशाची पहिल्या दर्जाची लीग झाली आणि पुढे चॅम्पियन्स लीगचं तिकीट साखळीतल्या अव्वल संघाला द्यायचं असं पक्कं झालं. त्याआधी हा मान आय-लीगच्या, म्हणजे तोवरच्या राष्ट्रीय लीगच्या, विजेत्याचा होता.

माझं मत विचाराल तर शील्ड हीच मोठी. करंडकाच्या रात्रीचा थरार मलाही हवाहवासा वाटतो, पण कोणता संघ खरोखर चांगला आहे हे शील्ड सांगते. आपल्याकडे तिचं कौतुक अजून फार कमी होतं.

पानं किती, हे कोण ठरवतं?

देशातला अव्वल संघ ठरला, म्हणजे तो आशियाच्या सर्वोच्च स्पर्धेत गेलाच असं नाही. आधी त्या देशाला जागा असायला हवी.

लग्नातल्या पंगतीसारखं हे आहे. पहिल्या पंगतीत कोणत्या घराची किती पानं मांडायची, हे त्या घराच्या मानावर ठरतं. एखाद्याची चार, एखाद्याचं एक, आणि कुणाला थेट दुसऱ्या पंगतीत. आपल्या वाट्याच्या पानावर घरातलं कोण बसणार, हे घराने ठरवायचं. शील्ड हा घरातला निर्णय. पानांची संख्या मात्र एएफसीच्या क्रमवारीवर ठरते.

ही क्रमवारी मागच्या काही वर्षांतल्या निकालांवर बनते. एखाद्या क्लबने आशियाई स्पर्धेत सामना जिंकला की गुण त्याच्या देशाच्या खात्यात जमा होतात. म्हणजे मुंबईचा संघ जिंकला, तर दोन वर्षांनी त्याचा फायदा कदाचित कोलकात्याच्या किंवा बंगळुरूच्या क्लबला होईल. मुंबई हरली तर तोटाही त्यांनाच. क्लब एकमेकांचे कट्टर वैरी असोत, आशियात त्यांचं खातं सामाईक असतं.

बरीच वर्षं भारताच्या वाट्याला पहिल्या पंगतीत पानच नव्हतं. पात्रता फेरीत नशीब आजमावायचं आणि तिथून परतायचं. २०१४ साली पुणे एफसी असाच व्हिएतनामच्या हनोई टी अँड टीकडून ०-३ हरून परतला. दुसऱ्या दर्जाच्या एएफसी कपमध्ये आपले क्लब तुलनेने बरे खेळत. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००७ मध्ये तिथे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता आणि गोव्याचा डेम्पो २००८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत. २०२१ मध्ये एएफसीने चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतले संघ ३२ वरून ४० केले आणि त्या वाढीव जागांपैकी एक भारताला थेट मिळाली. गोव्याची शील्ड आणि ही वाढीव जागा यांची वेळ अचूक जुळली.

एप्रिल २०२१ मध्ये त्या गटाचे सगळे सामने फातोर्डालाच झाले. समोर इराणचा पर्सेपोलिस, संयुक्त अरब अमिरातीचा अल वहदा आणि कतारचा अल रय्यान. अल रय्यानचे प्रशिक्षक होते लॉरां ब्लां, १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्स संघातले बचावपटू. पहिल्याच सामन्यात गोव्याने त्यांच्या संघाला ०-० असं रोखलं. दुसऱ्या सामन्यात अल वहदाशीही ०-०. पर्सेपोलिसविरुद्ध कर्णधार एदू बेदियाने गोल केला, तो या स्पर्धेच्या गटसाखळीतला भारतीय क्लबचा पहिला गोल. सहा सामन्यांत गोव्याने तीन बरोबरी साधल्या, विजय मात्र एकही मिळाला नाही.

मैदानाबाहेरची परीक्षा

गुणतक्ता झाला, देशाची जागा झाली, तरी तिसरी पायरी उरतेच. ती म्हणजे क्लबचा परवाना. दर मोसमाआधी क्लबची पाच बाजूंनी तपासणी होते: खेळ, सुविधा, माणसं, कायदा आणि पैसा. कुमार गटांचे संघ चालवता का? प्रकाशझोत, ड्रेसिंग रूम, उत्तेजक चाचणीची खोली नियमात बसते का? मुख्य प्रशिक्षकाकडे हव्या त्या दर्जाचं प्रमाणपत्र आहे का? क्लबची मालकी नेमकी कुणाकडे? हिशेब तपासून घेतलेत का, आणि खेळाडूंचा किंवा दुसऱ्या क्लबचा पैसा थकलेला तर नाही ना? काही अटी चुकल्या तर सुधारायची मुदत मिळते. काही अटी मात्र अशा आहेत की त्या चुकल्या तर परवानाच अडतो, मग तुमचा संघ गुणतक्त्यात कितीही वर असो.

हा प्रकार कंटाळवाणा वाटेल, पण त्यामागे कळकळ आहे. मुंबईच्या फुटबॉलला तर तो विशेष समजायला हवा. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला आणि देशाचा एके काळचा विजेता एका निर्णयात नाहीसा झाला. कंपनीचा एक विभाग म्हणून चालणारा संघ कंपनीच्या मर्जीवर जगतो. स्वतंत्र संस्था, स्वतंत्र हिशेब आणि खालून येणारी मुलं असली तर मालक बदलला तरी क्लब उरण्याची शक्यता वाढते. परवान्याच्या अटी त्यासाठीच लिहिलेल्या असतात.

गोव्याची घडण, मुंबईचं यश

मुंबई सिटीचा जन्म २०१४ चा. आयएसएलमधली पहिली जागा क्लबने खेळून नव्हे, तर पैसे भरून मिळवली, तेव्हाच्या सगळ्याच संघांसारखी. पुढची काही वर्षं फारसं काही हाती लागलं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबमधला ६५ टक्के हिस्सा घेतला आणि चित्र बदललं.

पण नुसत्या पैशाने काय होतं? २०२० मध्ये मुंबईने सर्जिओ लोबेरा यांना प्रशिक्षक म्हणून आणलं. हेच लोबेरा आधी एफसी गोव्याचे. गोव्याच्या शील्डच्या मोसमात संघ तक्त्यात वर असतानाच जानेवारी २०२० च्या अखेरीस त्यांना क्लब सोडावा लागला होता आणि उरलेले सामने गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांनी सांभाळले. लोबेरांच्या मागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमूस आणि गोंयकार मंदार राव देसाई हेही मुंबईत आले. चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचलेला पहिला भारतीय क्लब आणि तिथे जिंकलेला पहिला भारतीय क्लब, या दोघांमागे बऱ्याच अंशी एकच घडण आहे. मुंबईकरांनी हे श्रेय गोव्याला मोकळ्या मनाने द्यावं.

आता २८ फेब्रुवारी २०२१ ची रात्र जरा जवळून बघू. कोरोनामुळे अख्खा मोसम गोव्यात बंद वातावरणात चालला होता. साखळीतला शेवटचा सामना बांबोळीला. एटीके मोहन बागानचे ४० गुण, मुंबईचे ३७. शील्डसाठी कोलकात्याला नुसती बरोबरी पुरेशी होती. मुंबईला जिंकावंच लागणार होतं. जिंकले तर दोघांचे ४०-४० होणार, मग काय? आयएसएलच्या नियमात गुण समान झाले की आधी त्या दोन संघांमधले आपापसातले सामने बघतात. जानेवारीतला सामना मुंबईने १-० जिंकलेला होता. म्हणजे दीड महिन्यापूर्वीचा तो एक गोल आज कामाला येणार होता. सातव्या मिनिटाला फॉलने हेडरवर गोल केला, मध्यंतराआधी आघाडीच्या ओगबेचेने दुसरा. २-०, आणि शील्ड मुंबईची. १३ मार्चच्या अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल करून करंडकही मुंबईला आणला.

रियाधमधला एप्रिल

चॅम्पियन्स लीगला एप्रिल २०२२ मध्ये जाईपर्यंत लोबेरा गेले होते आणि डेस बकिंगहॅम आले होते. गटाचे सगळे सामने सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये. यजमान अल शबाब, अमिरातीचा अल जझीरा आणि इराकचा एअर फोर्स क्लब. तेव्हाच्या नियमाने मैदानावर तीन परदेशी आणि एक आशियाई, एवढेच बाहेरचे खेळाडू चालत. बाकी सात भारतीय. इथे खरा कस लागतो, कारण तगड्या परदेशी खेळाडूंमागे लपायला जागा उरत नाही.

पहिला सामना अल शबाबने ३-० घेतला. ११ एप्रिलला समोर इराकी संघ. त्यांनी ५९ व्या मिनिटाला गोल केला, तेव्हा आणखी एक पराभव ठरल्यासारखाच वाटत होता. ७० व्या मिनिटाला दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली. पाचच मिनिटांनी कॉर्नरवरून चेंडू आत आला आणि मुंबईच्याच मातीतला बचावपटू राहुल भेके इतरांच्या वर उठला. त्याच्या डोक्याला लागून चेंडू जाळ्यात. २-१. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतला भारतीय क्लबचा पहिला विजय. २०१९ ची आयएसएल फायनलही याच भेकेने जादा वेळेत हेडर मारून बंगळुरूला जिंकून दिली होती, तीही मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर.

पुढे अल जझीराकडून ०-१, त्यांच्याशीच ०-०, अल शबाबकडून ०-६ अशी दणदणीत हार, आणि शेवटी एअर फोर्स क्लबवर १-० असा दुसरा विजय. सात गुणांसह मुंबई गटात दुसरी आली. पश्चिम विभागातल्या पाच गटांचे विजेते आणि दुसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम तीनच संघ पुढे जाणार होते. त्या तिघांत सात गुण पुरले नाहीत. तरीही कोणत्याही भारतीय क्लबची त्या स्पर्धेतली ही सर्वांत चांगली कामगिरी होती.

[चौकट] एकच पान, दोन दावेदार

• एएफसीने स्पर्धेचं वेळापत्रक बदललं. पूर्वी ती एका वर्षात संपत असे, २०२३ पासून ती एका वर्षाच्या उत्तरार्धात सुरू होऊन पुढच्या वर्षात संपू लागली.
• या बदलात दोन मोसमांच्या शील्ड विजेत्यांना मिळून एकच जागा उरली: २०२१-२२ चा जमशेदपूर आणि २०२२-२३ चा मुंबई सिटी.
• मुंबईने त्या मोसमात २० सामन्यांत ४६ गुण आणि ५४ गोल केले होते, पहिले १८ सामने न हरता. तरी जागा थेट मिळाली नाही.
• ४ एप्रिल २०२३ रोजी केरळमधल्या मंजेरीत दोघांचा सामना झाला. मुंबईने तो ३-१ जिंकला.

नेरूळला अल हिलाल

दुसऱ्या वेळी गटात सौदीचा अल हिलाल, इराणचा नसाजी आणि उझबेकिस्तानचा नवबहोर आले. मुंबई नेहमी खेळते ते अंधेरीचं मैदान लहान आहे, त्यामुळे आशियातले घरचे सामने पुण्यात बालेवाडीला भरले. परवान्यातली 'सुविधा' ही बाजू इथे प्रत्यक्ष दिसते. पहिल्या मोसमापासूनचा प्रेक्षक असला तरी क्लबला त्याला सोडून दीडशे किलोमीटर दूर जावं लागतं.

अल हिलालविरुद्धचा सामना मात्र ६ नोव्हेंबर २०२३ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. कळवेकरांसाठी हा जवळजवळ अंगणातला सामना. धिमी गाडी धरून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने नेरूळ. समोर आशियाचं विजेतेपद चारदा मिळवलेला, कुलिबाली, नेव्हेस, बोनो अशा नावांचा क्लब. नेमार तेवढा गुडघ्याच्या दुखापतीमुळे आला नाही. याच संघाकडून रियाधमध्ये ०-६ हरलेल्या मुंबईने इथे ०-२ पर्यंत लढत दिली. पण त्या मोसमात सहाच्या सहा सामने गेले. क्लबला हार सोसता येते, पण देशाच्या सामाईक खात्यात त्या सहा सामन्यांतून जमा काहीच झालं नाही.

युरोपातल्या बास्केटबॉलचा दुसरा रस्ता

हे सगळं खेळून वर जाण्याचं झालं. जगात सगळीकडे असंच चालतं का? नाही. युरोपातला क्लब बास्केटबॉल याचं फार बोलकं उदाहरण आहे.

तिथली सर्वोच्च स्पर्धा युरोलीग. २००० साली मोठे क्लब आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघापासून, म्हणजे फिबापासून, वेगळे झाले आणि ही स्पर्धा स्वतः चालवू लागले. २०१६ मध्ये रेआल माद्रिद, बार्सिलोना, पानाथिनाइकोस, ऑलिंपियाकोस अशा ११ क्लबांना दीर्घ मुदतीचे परवाने मिळाले. देशातल्या लीगमध्ये त्यांचा मोसम वाईट गेला तरी युरोलीगमधली त्यांची जागा शाबूत. उरलेल्या थोड्या जागांसाठी बाकीच्या सगळ्यांनी झगडायचं.

त्या फटीतून वर आलेला क्लब म्हणजे पॅरिस बास्केटबॉल. स्थापना २०१८, सुरुवात फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत, तीही दुसऱ्या एका क्लबची जागा घेऊन. २०२१ मध्ये पहिल्या श्रेणीत बढती. २०२४ मध्ये युरोकप, म्हणजे युरोलीगच्या खालची स्पर्धा, जिंकला आणि विजेत्याच्या हक्काने त्याच वर्षी युरोलीगमध्ये दाखल. सहा वर्षांत तळातून शिखरापर्यंत.

आता याच्या शेजारी दुबई ठेवा. दुबई बास्केटबॉल हा क्लब २०२३ मध्ये स्थापन झाला. २०२४ मध्ये तो पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या देशांच्या एबीए लीगमध्ये खेळू लागला. २०२५-२६ मध्ये युरोलीगने संघांची संख्या १८ वरून २० केली आणि दुबईला परवाना देऊन आत घेतलं. शहर आशियातलं, स्पर्धा युरोपातली, मधली वाट दोन वर्षांची. आखाती पैसा आणि मोठी बाजारपेठ हे त्याचं बळ.

दोन्ही रस्त्यांना आपापली कारणं आहेत. पक्की जागा असलेला क्लब निर्धास्तपणे मोठं सभागृह बांधतो, दहा वर्षांचा विचार करतो. वाईट मोसमामुळे कर्जात बुडण्याची धास्ती नसते. मला तरीही पॅरिसचा रस्ता जास्त जवळचा वाटतो. तो उघडा असेपर्यंत एखाद्या छोट्या गावातल्या प्रशिक्षकाला मुलांना सांगता येतं की इथून वर जाणारी वाट आहे. भारतात आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती २०२३ मध्ये पहिल्यांदा मिळाली, पंजाब एफसीच्या रूपाने. तोपर्यंत आपलीही वाट बंदच होती.

२०२४ नंतरची स्थिती

२०२४ मध्ये एएफसीने पुन्हा रचना बदलली. वर २४ संघांची चॅम्पियन्स लीग एलिट, तिच्याखाली ३२ संघांची चॅम्पियन्स लीग टू. क्रमवारीत घसरलेल्या भारताला एलिटमध्ये एकही जागा उरली नाही. शील्ड जिंकणारा संघ तेव्हा दुसऱ्या पंगतीत गेला आणि सुपर कप या देशातल्या बाद स्पर्धेच्या विजेत्याला तिथलीही पात्रता लढत खेळावी लागली. एफसी गोव्याने २०२५ मध्ये तेच केलं. सुपर कप जिंकला, ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला २-१ हरवून गटात जागा मिळवली, आणि ऑक्टोबरमध्ये सौदीचा अल नस्र फातोर्डाला खेळायला आला. गोवा १-२ हरला, पण गोव्याचा गोल केला तो गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने.

याच काळात घरची लीग अडकली. भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयएसएलचे आयोजक यांच्यातल्या हक्कांच्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती, म्हणून जुलैमध्ये नवा मोसम स्थगित ठेवण्यात आला. एएफसीच्या जागेसाठी मोसमात किमान ठरावीक सामने खेळावेच लागतात. लीग उशिरा किंवा आखूड झाली तर फटका फक्त त्या वर्षीच्या प्रेक्षकांना बसत नाही. गुणतक्ता, परवाना आणि देशाची क्रमवारी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अडखळतात. राहुल भेकेच्या हेडरने जे गुण जमा केले होते, तसे पुन्हा कमवायचे तर आधी देशातल्या मैदानांवर पूर्ण मोसम खेळला जायला हवा.